तेलाचं पुढे काय झालं

शुक्रवार, २ मे २०२५

बाळाला आज सव्वा महिना झाला. न्हाऊ घालणारी बाई यायच्या आधी न्हाणीघराच्या कोनाड्यातल्या बाटल्या मोजल्या. अकरा निघाल्या. दोन आमच्या घरच्या: घाण्याचं खोबरेल आणि जुन्या औषधाच्या बाटलीत ठेवलेलं एरंडेल. उरलेल्या नऊ लेकीबरोबर पुण्याहून आल्या, नाहीतर बाळाला बघायला येणाऱ्यांनी दिल्या. शांपू, कंडिशनर, बाळाचं अंग धुवायचं द्रव, दोन क्रीम, नारळाचं चित्र असलेलं केसांचं तेल, ऑलिव्ह तेल, ओठांचं मलम आणि अंगाला लावायचं लोशन. जवळजवळ प्रत्येकीवर कुठलं तरी झाड, पान नाहीतर फळ छापलेलं.

सासूबाईंनी लोशनचा थेंब तळहातावर चोळला, वास घेतला आणि विचारलं, "ह्या खंयचा त्याल गो?"

मला उत्तर देता आलं नाही. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दरवर्षी दहावीच्या मुलांसमोर खोबरेल आणि कॉस्टिक सोड्याचा साबण केला. तरी घरात रोज वापरल्या जाणाऱ्या लोशनमध्ये कुठलं तेल आहे, हे शहाऐंशी वर्षांच्या बाईला सांगता येऊ नये, हे मला बरं वाटलं नाही. म्हणून ही वही उघडली. बाटली उलटी करायची, मागची बारीक अक्षरं वाचायची, आणि त्या तेलाचं झाडापासून इथपर्यंत काय काय झालं ते समजेल तसं लिहून ठेवायचं.

शनिवार, ३ मे

लेक बाळाला घेऊन निजली होती तेवढ्यात भिंग घेऊन बसले. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटकांची यादी उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कुठल्याही क्रमाने. म्हणजे पहिली पाच-सहा नावं वाचली की बाटलीतला बहुतेक माल कळतो. चित्रातलं फूल आणि अर्क बहुधा त्या शेवटच्या एक टक्क्यात असतात.

लोशनची यादी: पाणी, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, ग्लिसरीन, सेटेअरिल अल्कोहोल, ग्लिसेरिल स्टिअरेट, आणि पुढे बरंच.

दुसरं नाव म्हणजे नारळाचंच तेल (किंवा पामच्या बियांचं, ते सांगायची सक्ती नाही). पण मोडून पुन्हा बांधलेलं. तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला लटकलेली तीन मेदाम्लं. नारळाच्या तेलात त्यातलं जवळजवळ निम्मं लॉरिक, म्हणजे बारा कार्बनची साखळी. इथे काय केलं, तर तेल फोडून सगळी मेदाम्लं सुटी केली, आठ आणि दहा कार्बनची तेवढी वेचली आणि ती परत ग्लिसरीनला जोडली. पातळ, बिनवासाचं, थंडीतही न गोठणारं आणि वर्षानुवर्षं खवट न होणारं तेल तयार होतं. ग्लिसरीनही बहुतेक वेळा अशाच कुठल्या तरी तेलातून सुटलेलं. ग्लिसेरिल स्टिअरेट म्हणजे ग्लिसरीनला एकच स्टिअरिक साखळी. एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे, म्हणून लोशन फाटत नाही.

सासूबाईंना एवढंच सांगितलं की नारळाचं तेल आहे, पण वास काढून टाकलेलं. त्या म्हणाल्या, "वास नाय, गोठणा नाय. मगे तेका त्याल कशाक म्हणतंत?"

हा प्रश्न मला नीट वाटला. दिवसभर डोक्यात राहिला.

संध्याकाळी लेकीने सेटेअरिल अल्कोहोलवर बोट ठेवलं. तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं, अल्कोहोल असलेलं काही लावू नकोस, कातडी कोरडी पडते. स्पिरिटबद्दल ते खरं आहे. पण हे अल्कोहोल म्हणजे पांढऱ्या मेणाचे कपटे, आणि त्याचं काम कातडी मऊ ठेवण्याचं. त्यातल्या 'सेटिल' या नावामागे देवमासा आहे. १८१७ मध्ये फ्रान्सच्या शेव्ह्रलने देवमाशाच्या डोक्यातल्या मेणातून ते पहिल्यांदा वेगळं केलं. लॅटिनमध्ये सेटस म्हणजे देवमासा. आज ते पामच्या तेलातून मिळतं आणि नाव मात्र देवमाशाचंच राहिलं. हाच शेव्ह्रल तेलापासून साबण होताना नेमकं काय घडतं ते सांगणारा पहिला माणूस. १८२३ साली त्याचं मेदांवरचं पुस्तक आलं. तो १०२ वर्षं जगला. वर्गात हे सांगितलं की मुलं जागी व्हायची.

रविवार, ४ मे

साबणाचा दिवस. निवृत्त झाल्यापासून मे महिन्यातला पहिला रविवार त्यासाठीच ठेवला आहे, कारण जूनमध्ये हवा दमट झाली की साबण वाळत नाही.

एक किलो तेलाचा घाणा घेतला: खोबरेल ५०० ग्रॅम, तिळाचं तेल २५०, गेल्या वर्षीचं कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) १५०, एरंडेल १००. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर तिळाला १३४ च्या आसपासच, कारण खोबरेलाच्या साखळ्या आखूड आणि तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त. सगळा हिशोब मांडला तर १५८ ग्रॅम भरतो. मी १५० घेते. आठ ग्रॅम कमी म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच राहतं आणि हाताला ओरखडत नाही.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. ३३० ग्रॅम पाण्यात सोडा पडला की भांडं हात लाववत नाही इतकं तापतं. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं घेतलं तर सोडा ते खातो. चष्मा, हातमोजे, खिडकी उघडी, बाळ आणि लेक माडीवर. तेल कोमट, सोडा कोमट, दोन्ही एकत्र घोटायचं. वीसेक मिनिटांनी पातळ पिठल्यासारखं दाटायला लागतं, पळी फिरवली तर वर रेघ दिसते. तेव्हा साच्यात ओतायचं. उद्या वड्या कापायच्या आणि सहा आठवडे फळीवर हात लावायचा नाही.

खोबरेल निम्मं का, तर आमच्या विहिरीचं पाणी मे अखेरीला मचूळ होतं. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस धरतो. एरंडेलाने फेस टिकतो. मुठेलाने वडी टणक होते.

दुकानातल्या साबणाचं वेष्टन काढून लेकीला दाखवलं: सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट. म्हणजे पामच्या गराच्या आणि बियांच्या तेलाचा हाच प्रकार, फक्त कारखान्यातला. जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करणारा देश आपला. इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या त्या तेलातला काही वाटा आपल्या अंगाला लागून गटारात जातो. वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के लिहिलं होतं, म्हणजे एकूण मेद. भारतीय मानकात अंगाच्या साबणाची पहिली श्रेणी किमान ७६ ची, दुसरी ७० ची, तिसरी ६० ची. साबणाच्या वेष्टनावर वाचण्यासारखा हा एकच आकडा, आणि तो सगळ्यात बारीक छापलेला असतो. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी टाळून वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. त्या काळी चरबी नाही हे सांगणं हाच साबणाचा मोठा गुण होता.

मंगळवार, ६ मे

नारळाचं चित्र असलेलं केसांचं तेल. समोर फोडलेलं खोबरं, हिरवी पात, मोठ्या अक्षरांत पोषणाची हमी. मागे यादीतलं पहिलं नाव: लाइट लिक्विड पॅराफिन. खनिज तेल. नारळ तिसरा.

काल रात्री दोन वाट्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, एकीत घाण्याचं खोबरेल, दुसरीत हे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गेलं की गोठतं. सकाळी एक वाटी पांढरीशुभ्र, चमचा उभा राहील अशी. दुसरी तशीच पातळ, पाण्यासारखी.

खनिज तेल विष नाही. शुद्ध केलेलं असेल तर ते कातडीला काही करत नाही, खवट होत नाही, कुणाला त्याचं वावडं क्वचितच येतं. भेगाळलेल्या ओठांना पेट्रोलियम जेली मीही लावते. पण नारळाचं चित्र दाखवून खनिज तेल विकणं ही फसवणूक आहे, आणि ती गरिबाघरी जास्त चालते, कारण तिथे बाटली उलटी करून वाचायला कुणाकडे वेळ नसतो. लेकीने त्या बाटलीला सव्वादोनशे रुपये मोजले होते. तेवढ्यात घाण्यावरचं अर्धा किलो तेल कदाचित आलं नसतं, पण जे आलं असतं ते तेल असतं.

केसांच्या बाबतीत हा फरक मोजलेला आहे. २००३ साली रेले आणि मोहिले या दोघांचा निबंध सौंदर्यप्रसाधनांच्या एका अमेरिकी शास्त्रीय नियतकालिकात आला. त्यांनी खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना केली. केस धुताना, विंचरताना त्यातलं प्रथिन झिजून जातं. तिघांतल्या फक्त खोबरेलाने ही झीज ठळक कमी केली, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. लॉरिक साखळी सरळ आणि छोटी, म्हणून ती केसाच्या आत शिरते. सूर्यफुलाच्या साखळ्या दुहेरी बंधांपाशी वाकलेल्या, त्या बाहेरच राहतात. खनिज तेलाला प्रथिनाची ओढच नाही. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच मुंबईतल्या प्रयोगशाळेतलं, हे ध्यानात ठेवून वाचायला हवं. पण त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या संशोधकांबरोबर केलेल्या कामात खोबरेल केसाच्या आत गेलेलं उपकरणावर दिसलं होतं. सासूबाईंच्या आईने हे निबंध वाचले नव्हते, तरी रात्री तेल लावून सकाळी न्हायचं हा त्यांचा क्रम बरोबर होता.

आणखी एक आठवलं. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खायचं तेल की केसांचं, यावर कराचा खटला वर्षानुवर्षं चालला. तेव्हा खायचं म्हटलं तर पाच टक्के लागायचे, केसांचं म्हटलं तर अठरा. गेल्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. आमच्या घरी तर एकाच बरणीतलं तेल माशाच्या तव्यावर आणि डोक्यावर जातं.

रविवार, ११ मे

ऑलिव्ह तेल स्वयंपाकघरात नेलं. लेकीच्या सासरहून ते बाळाच्या मालिशीसाठी आलं होतं, भारी बाटली, म्हणून तिला बोलायला संकोच. मी विहीणबाईंना फोन करून सांगितलं की तुमच्या तेलाची आम्ही रोज कोशिंबीर खातो. त्या हसल्या.

कारण असं. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या हातावर काही आठवडे रोज थोडे थेंब लावून पाहिलं. ऑलिव्ह तेलाने कातडीचा वरचा थर कमजोर केला आणि थोडी लाली आणली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं केलं नाही. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल फार, सूर्यफुलात लिनोलेइक. कातडीच्या पेशींमधला जो मेदाचा गिलावा असतो त्याला लिनोलेइक पोषक, तर ओलेइक तो विस्कटतं. आणि २००५ साली ढाक्याच्या शिशु रुग्णालयातलं काम 'लॅन्सेट'मध्ये आलं: दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल चोळलं, तर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. एवढीशी, कागदासारखी कातडी, आणि तिच्यावर कुठलं तेल यावर जीव अवलंबून. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते.

आमचं बाळ भरल्या दिवसांचं, खोबरेल त्याला मानवतं, तेच चालू ठेवलं.

मंगळवार, १३ मे

एरंडेल. लेकीचे केस गळताहेत, बाळंतपणानंतर गळतातच. कुणीतरी सांगितलं की एरंडेल रोज चोळ. मी नको म्हटलं. एरंडेलाने केस उगवतात याला आधार मला कुठे सापडला नाही. उलट २०१७ मध्ये केसांच्या विकारांवरच्या आपल्याकडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक नोंद आली होती: एका तरुणीने खोबरेल-एरंडेल मिसळून लावलं, आणि धुताना केसांचा असा गठ्ठा झाला की शेवटी कापावे लागले. हे क्वचितच घडतं. पण इतकं चिकट तेल लांब केसांना भरभरून लावू नये एवढं त्यातून घ्यावं.

मात्र एरंडेलासारखं कामाचं तेल दुसरं नाही. त्याच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास एकच मेदाम्ल, रिसिनोलेइक, आणि त्याच्या साखळीवर मध्येच पाण्याशी जमणारा एक गट. म्हणून ते दाट, म्हणून लिपस्टिकमधला रंग ते धरून ठेवतं. ते तापवून फोडलं की अनडिसायलेनिक आम्ल मिळतं, नायट्याच्या मलमातलं. हायड्रोजन आणि इथिलीन ऑक्साइड जोडलं की पेग-४० हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल. कोनाड्यातल्या दोन बाटल्यांत ते आहे, अत्तराचे थेंब पाण्यात विरघळवायला. जगाचं बहुतेक एरंडेल भारतातून जातं, आणि भारतातलं बहुतेक गुजरातमधून. आमच्या परसात एरंडाची दोन झाडं आहेत. बी विषारी, विष पेंडीत राहतं, तेलात उतरत नाही. तरी बाळ रांगायला लागायच्या आत ती झाडं काढायची, हे आज ठरवलं.

शुक्रवार, १६ मे

कोकमं भरभरून आली. दोन बायका मदतीला. साली आमसुलांसाठी मिठाच्या रसात, बिया वेगळ्या धुऊन अंगणात चटईवर. हात कोपरापर्यंत लाल.

बिया चांगल्या खडखडीत वाळल्या की फोडून आतला गर काढायचा, कुटायचा, पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं, गार झालं की थिजतं, ते मुठीत दाबून लाडूसारखे गोळे करायचे. म्हणून मुठेल. मेच्या उकाड्यातही ते घट्ट राहतं. चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे हाताच्या उबेने जेमतेम मऊ होतं. निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल, जवळजवळ चाळीस टक्के ओलेइक, आणि बहुतेक रेणूंची बांधणी एकसारखी: दोन्ही कडांना स्टिअरिक, मधे ओलेइक. कोको बटरच्या बांधणीशी ती जुळते. म्हणून परदेशातल्या महागड्या क्रीममध्ये आणि ओठांच्या मलमात 'कोकम बटर' असतं. कोनाड्यातल्या मलमातही ते आहे, आठव्या क्रमांकावर. मलम साडेचार ग्रॅमचं. आमच्याकडे ते भेगाळलेल्या टाचांना, उन्हाने फुटलेल्या ओठांना, आणि पूर्वी गुरांच्या खांद्यावरच्या जखमांना लावत.

बाजारात सुक्या बियांना जो भाव मिळतो तो ऐकून दरवर्षी मला राग येतो. वेचायचं, धुवायचं, वाळवायचं, फोडायचं, सगळं बायकांच्या हातांनी. बाटलीवर कोकमाचं नाव येतं तेव्हा मधे दहा हात झालेले असतात, आणि पहिल्या हाताला सगळ्यात कमी मिळालेलं असतं.

मंगळवार, २० मे

दुपारी तीनला अंधारून आलं. सासूबाई पडवीतून ओरडल्या, "पावस इलो, बियो भितर घेवा!" निम्म्या घेतल्या. निम्म्या भिजल्या.

बुधवार, २१ मे

पाऊस.

रविवार, २५ मे

मोसमी पाऊस आज महाराष्ट्रात पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आमच्याकडे तो जूनच्या पहिल्या आठवड्यातला पाहुणा; या वर्षी मे संपायच्या आत. झाडांवरची कोकमं तशीच गळून चिखलात. शेजारच्यांची आमसुलं दुसऱ्या पुटालाच बुरशी धरून बसली.

भिजलेल्या बिया चुलीवरच्या माळ्यावर पसरल्या, पण वास बदललाय. ओल लागली की बीमधली विकरं जागी होतात आणि तेल फोडायला लागतात. मेदाम्लं सुटी होतात, जीभ चरचरते. कारखान्यात जे मुद्दाम, मोजून करतात तेच इथे कुजताना होतं.

गुरुवार, २९ मे

आज जे घडलं ते सविस्तर लिहिते.

चार तारखेच्या साबणाची कड कापून पाहिली. पांढरा, टणक, मंद वास. लेकीला म्हटलं, आणखी दोन-अडीच आठवडे, मग बाळाला हाच लावू, त्या बाटलीतल्या द्रवाची गरज नाही. ती म्हणाली, "आई, तू म्हणतेस ना मोजून बघावं. मग बघूया."

शाळेतून निघताना विद्यार्थ्यांनी दिलेल्या पेटीत पीएच पेपरची वही आहे. माझ्या साबणाचं पाणी: पट्टी गडद निळसर हिरवी, नऊ आणि दहाच्या मधे. बाळाच्या द्रवाचं: पिवळी, साडेपाचच्या जवळ. माणसाच्या कातडीची आम्लताही पाच-साडेपाचच्याच आसपास असते, आणि बाळाच्या कातडीवर ती जन्मानंतरच्या आठवड्यांत हळूहळू तयार होत असते. साबण कुठल्याही तेलाचा असो, घरचा असो की कारखान्याचा, तो अल्कधर्मीच असणार. त्याला आम्लधर्मी केलं तर तो साबण राहत नाही, पुन्हा मेदाम्ल होतो. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं.

मग बाळाच्या द्रवाची यादी वाचली. पाण्यानंतर कोको-ग्लुकोसाइड. नारळाच्या मेदाम्लापासून मेदयुक्त अल्कोहोल, त्याला मक्याच्या स्टार्चमधून आलेलं ग्लुकोज जोडलेलं. सौम्य. लगेच शांपू उचलला. त्यावर 'नारळापासून मिळवलेला' अशी ओळ आहे आणि दुसऱ्या क्रमांकावर सोडियम लॉरिल सल्फेट. तेही खरंच नारळाचं किंवा पाम बियांचं: लॉरिक आम्लापासून लॉरिल अल्कोहोल, त्याला सल्फेट. आणि हे तर असं रसायन की कातडीला मुद्दाम चुरचुर आणून इतर मलमांची परीक्षा करायची झाली, तर प्रयोगशाळा प्रमाण म्हणून तेच वापरतात. केसांवर लावून मिनिटभरात धुऊन टाकलं तर मोठ्या माणसाचं काही बिघडत नाही. बाळाला ते कधीच नको.

टेबलावर तीन वस्तू ठेवल्या: माझा साबण, बाळाचं द्रव, शांपू. तिन्ही नारळाच्या. एकाला सोडा जोडला, एकाला साखर, एकाला सल्फेट. झाड तेच आणि मेदाम्लंही तीच. फरक पुढे काय जोडलं त्यात.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीच्या जागी शोधत होते. कुठलं तेल, एवढं विचारून भागत नाही. त्या तेलाचं पुढे काय केलं आणि बाटलीत ते किती घातलं, हे विचारायला हवं. झाडाचं आहे म्हणून सौम्य, आणि नाव लांबलचक आहे म्हणून घातक, हे दोन्ही समज मी आजवर वेगवेगळ्या तोंडांनी ऐकले; पहिला माझ्याही मनात घर करून होता.

बाळाला साबण लावायचा नाही असं ठरलं. रोज खोबरेल आणि कोमट पाणी. मळलं तर द्रवाचे दोन थेंब. लेकीचं म्हणणं बरोबर निघालं, आणि तिने मोजून दाखवलं याचा मला फार आनंद झाला.

मंगळवार, ३ जून

उघडीप. वाचलेल्या बियांचा गर कुटून उकळला. चूल सकाळी नऊला पेटवली, दुपारी दोनला तेल वर आलं. घरभर तो ओळखीचा, किंचित आंबूस वास. सासूबाईंनी गोळे वळले; माझ्या हाताचे गोळे त्यांना आवडत नाहीत, बोटांच्या खाचा राहतात म्हणून. भिजलेल्या बियांचा घाणा वेगळा काढला. त्याचं तेल पिवळट, चरचरीत. ते दिव्याला आणि दाराच्या बिजागऱ्यांना.

चांगलं मुठेल सव्वा किलो. गेल्या वर्षी साडेतीन किलो झालं होतं.

त्यात ओलेइक बरंच आहे, म्हणून ऑलिव्हच्या दिवशी लिहिलेलं आठवून बाळासाठी ठेवलं नाही. टाचांना, कोपरांना, ओठांना पुरे.

रविवार, ८ जून

लेक बुधवारी पुण्याला जाणार. कोनाडा आवरला. बाळाचं द्रव, एक क्रीम आणि लोशन तिच्या पिशवीत. कंडिशनरही ठेवला, त्यातले धन भाराचे रेणू केसाच्या ऋण भाराला चिकटून गुंता सोडवतात, आणि ते काम तेलाने तितकं नीट होत नाही. केसांचं खनिज तेल मी गंजलेल्या कुलपांसाठी ठेवून घेतलं. तिला घाण्याचं दोन लिटर खोबरेल दिलं आणि सांगितलं की पुण्यात डिसेंबरात गोठेल, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेव. गोठणं हीच त्याची खूण.

रविवार, १५ जून

साबणाला आज सहा आठवडे झाले. वजन केलं तर ओल्या वडीपेक्षा बरंच कमी. पाणी उडालं, पावसामुळे नेहमीपेक्षा थोडं कमीच उडालं. चौदा वड्या. पाच पुण्याला, दोन न्हाऊ घालणाऱ्या बाईला, दोन कोकमाला आलेल्या बायकांना, बाकी घरात. प्रत्येक वडीभोवती कागद गुंडाळला आणि त्यावर, झाडाचं चित्र न काढता, माझ्या हाताने उतरत्या क्रमाने लिहिलं:

खोबरेल ५०० ग्रॅम, पाणी ३३०, तिळाचं तेल २५०, कोकमाचं मुठेल १५०, कॉस्टिक सोडा १५०, एरंडेल १००. सुगंध घातलेला नाही. तयार केला ४ मे २०२५. तान्ह्या बाळाला लावू नये.